दोन शेतं, एक पाट

कामाच्या पहिल्या दिवशी मालकांनी माझ्यापुढे बाकावर इंजिनाचं एक हेड ठेवलं आणि ते चहा करायला आत गेले. ओतीव लोखंडाचं, काळपट, कडेला जुन्या पॅकिंगचे पापुद्रे चिकटलेलं. मी ते कुशीवर वळवलं. एकाच अंगाला पाच भोकं: तीन एक्झॉस्टची, दोन इनलेटची. दुसरं अंग कोरं. माझं बोट आपोआप इनलेटच्या भोकात गेलं आणि आत जिथे वाट दोन्हीकडे फुटते, त्या मधल्या नाकाडावर थांबलं. व्हॉल्व्ह गाइडचा उंचवटा, त्यापलीकडचं एकदम खाली उतरणारं वळण, सगळं बोटाच्या ओळखीचं होतं.

मालक कप घेऊन आले तेव्हा मी म्हणाले, "हे हेड मी ओळखते."

ते हेड एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाडीचं होतं आणि मी तोवर एकही एमजीबी उघडलेली नव्हती. मी उघडल्या होत्या त्या अँबॅसडर.

दोन्हींत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, म्हणजे बीएमसीचं, बी-सीरीज इंजिन. हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं बसवलं ते 1489 सीसीचं, एमजीबीतलं 1798 सीसीचं. स्ट्रोक दोन्हींचा एकच, 88.9 मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. बोअर तेवढा 73 वरून 80.26 मिलिमीटरवर गेला. एका घरातल्या दोन बहिणी म्हणायच्या. एक बंगालात उत्तरपाड्याला गेली आणि टॅक्सीला, सरकारी कचेऱ्यांना जुंपली गेली. दुसरी ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात स्पोर्ट्स गाडीत बसली आणि 1962 पासून 1980 पर्यंत पाच लाखांहून जास्त घरी गेली. कारखाना 1980 च्या ऑक्टोबरात बंद झाला. आमचं वर्कशॉप तिथून जवळच्याच एका खेड्यात आहे.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं दुकान कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात. एक लेथ, एक सरफेस ग्राइंडर, एक बोअरिंग मशीन आणि मागे माळ्यावर लोकांनी परत न नेलेल्या हेडांचा ढीग. ट्रॅक्टर, जीप, अँबॅसडर, जे येईल त्याचं हेड सपाट करायचं, व्हॉल्व्हच्या सीटा कापायच्या, गाइड बदलायचे. मी शाळेतून आले की माझं काम व्हॉल्व्ह घासायचं. काठीच्या टोकाला रबरी कप, व्हॉल्व्हला पेस्ट, आणि दोन तळव्यांमध्ये काठी फिरवत राहायचं. सीटवर सलग राखाडी कडं उमटेपर्यंत उठायचं नाही. मग आप्पा यायचे, व्हॉल्व्ह काढून ठेवायचे आणि सीटेच्या खालून पोर्टमध्ये अंगठा फिरवायचे. कुठे पायरी लागली की कानस घ्यायचे. त्याचे पैसे कुणी देत नसे, बिलात ते लिहिलेलंही नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं, बोटाला जे टोचतं ते वाऱ्याला टोचत नसंल व्हय?"

पुढे मी इंजिनिअर झाले, एम.एस्सी.साठी कव्हेंट्रीला आले, चार वर्षं एका कंपनीत पडद्यावर हवेचे रंगीत प्रवाह काढले. तिथून या दोन रॅम्पच्या वर्कशॉपमध्ये कशी आले, ती गोष्ट वेगळी आणि फारशी महत्त्वाची नाही. मालक पूर्वी एका शाळेत मुलांना धातुकाम शिकवायचे. 1971 साली त्यांनी जुनी एमजीबी घेतली आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तिचं इंजिन उतरवून काही ना काही बदलून पाहिलं. निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक हेड घेऊन यायला लागले. आम्ही जे विकतो ते त्यांच्या त्या हिवाळ्यांमधून आलेलं आहे: पोर्टांचे पत्र्याचे साचे, एक इनलेट मॅनिफोल्ड, एक कॅम. यातली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या स्वतःच्या गाडीत बसलेली असते, आणि त्याच गाडीतून ते रोज कामाला येतात. हौशी माणसाने घडवलेल्या वस्तूवर माझा विश्वास बसतो तो यामुळे. गाडी रस्त्यात बंद पडली तर पावसात उभं राहणारा पहिला माणूस तोच असतो.

या इंजिनाची मूळ अडचण पाटाच्या पाण्यासारखी आहे. आमच्याकडे उसाला पाणी पाळीने मिळतं. एका पाटावर दोन शेतं असली आणि दोघांनी एकाच वेळी बारी फोडली तर काय होतं, हे कोल्हापूरच्या माणसाला समजावावं लागत नाही. बी-सीरीजमध्ये एक आणि दोन नंबरचा सिलिंडर एका इनलेटवर, तीन आणि चार दुसऱ्या इनलेटवर. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. म्हणजे तीनने हवा ओढली की लगेच पाठोपाठ चार ओढणार. दोनने ओढली की पाठोपाठ एक. एमजीबीच्या मूळ कॅमवर इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचायच्या 16 अंश आधी उघडतो आणि पिस्टन तळाला जाऊन आल्यावर 56 अंशांनी मिटतो. दोन्हींची बेरीज केली तर फिरकीतले 72 अंश तीन आणि चार या दोघांचीही दारं एकदम उघडी असतात. नेमक्या त्याच क्षणी तीन नंबर आपल्या वेगाने आलेली शेवटची हवा आत घेऊ पाहत असतो, आणि चार नंबर शेजारून ती ओढायला लागतो. त्यानंतर 288 अंश दोघंही बंद, पाट तुंबून उभा. एक्झॉस्टचं तसं नाही. मधलं एक्झॉस्ट दोन आणि तीनच्या वाट्याला मिळून आहे, पण त्यांच्यात पूर्ण एक फेरा अंतर असल्यामुळे भांडण होत नाही.

हे एकदा कागदावर मांडलं की पुढचं पुष्कळ काही उलगडतं. गरम कॅम घाला, असं जो तो सांगतो. गरम कॅम म्हणजे दारं जास्त वेळ उघडी ठेवणारा. 252 अंशांच्या जागी 285 अंशांचा घातला तर दोघांची दारं एकदम उघडी राहतात ती 105 अंश. वरच्या वेगाला इंजिन किंचाळतं, पण ज्या वेगाला माणूस रोज गाडी चालवतो तिथे ती ओढत नाही, आयडलला डुगडुगते, कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचे तुषार मागे फेकते. बाराशे पौंड खर्चून आमच्याकडे आलेल्या एका माणसाची गाडी आम्ही पुन्हा मूळच्या जवळपासच्या कॅमवर आणली, तेव्हा त्याने तीन दिवसांनी फक्त आभार मानायला फोन केला.

या अडचणीवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत माणसांनी काय काय उपाय काढले, ते वाचताना मी अनेक रात्री जागले आहे. एचआरजी आणि डेरिंग्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमचं क्रॉसफ्लो हेड काढलं, त्यात इनलेट एका अंगाला, एक्झॉस्ट दुसऱ्या अंगाला आणि प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी इनलेट वाट. म्हणजे प्रत्येक शेताला स्वतंत्र पाट. विल्टशरमधल्या डाउन्टन गावी डॅनियल रिचमंड यांनी बी-सीरीजच्या आकाराने लहान बहिणीवर, मिनीच्या ए-सीरीजवर काम केलं. पोर्ट आणि ज्वलनकक्ष हाताने घडवलेली त्यांची हेडं इतकी गाजली की खुद्द बीएमसीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. आणि मला सगळ्यांत जास्त आवडतो तो मिनीवाल्यांचा स्कॅटर कॅम. त्यात आतल्या दोन सिलिंडरचं टायमिंग वेगळं आणि बाहेरच्या दोघांचं वेगळं. पाट एकच ठेवायचा, पण बारी कुणी कधी फोडायची ते ठरवून द्यायचं. कुणीतरी असमानता मान्य करून तिच्यातूनच वाट काढली, हे पाहून मला त्या रात्री झोप आली नाही.

केन कॉस्टेलो यांची वाट वेगळीच. मिनी शर्यतीत पळवणारा हा माणूस. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एमजीबीतलं चार सिलिंडरचं लोखंडी इंजिनच काढलं आणि जागी रोव्हरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-8 बसवलं. मुळात ते अमेरिकेतल्या ब्यूकचं. आठ सिलिंडर, 3528 सीसी, पण वजन जुन्या लोखंडी इंजिनाच्या आसपासच, त्यामुळे गाडीचं नाक जड झालं नाही. कंपनीने त्यांची गाडी पाहायला मागवली आणि 1973 मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-8 बाजारात आणली. 1976 पर्यंत 2,591 गाड्या झाल्या. ताकद 137 अश्वशक्ती. इंजिन बदलण्याच्या मी एरवी विरोधात आहे. मला विचाराल तर एमजीबीमध्ये आजच्या जपानी गाडीचं इंजिन घातलं की उरतो तो नुसता पत्रा. पण कॉस्टेलो यांचा मला आदर वाटतो. त्यांनी आधी वजन पाहिलं आणि मग ताकद.

आमच्या वर्कशॉपमधलं माझं काम याहून पुष्कळ बारीक आहे. मूळ लोखंडी हेड, मूळ पाच भोकं, आणि त्यातल्या त्यात हवेला मोकळं करायचं.

कोपऱ्यात मालकांनी बनवलेला फ्लो बेंच आहे. प्लायवूडचं खोकं, आत व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन मोटरी, बाहेर फळीवर तिरपी ठेवलेली काचेची नळी आणि तिच्यात लाल रंगाचं पाणी. खोक्यावर हेड ठेवायचं, डायल गेज लावून व्हॉल्व्ह एकेक मिलिमीटर उघडायचा आणि मोटर चालू करायची. हवा जास्त गेली की नळीतलं पाणी वर सरकतं. पहिल्या आठवड्यात मी एक पोर्ट चांगला ऐसपैस केला. पडद्यावर चार वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं की भोक मोठं, हवा जास्त. पाणी जिथे होतं तिथून खाली आलं. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी पोरं खेळतात ती माती घेतली, बोटाने पोर्टच्या तळाला, व्हॉल्व्हच्या अलीकडच्या वळणावर, पातळ थर चढवला, अंगठ्याने गोल केला. पोर्ट लहान झाला. मोटर चालू केली. पाणी वर गेलं.

वेगाने येणारी हवा अरुंद वळण घेत नाही. ती सरळ छताला धरून पलीकडच्या भिंतीवर जाते, आणि व्हॉल्व्हच्या अलीकडची अर्धी कड रिकामीच राहते. तिथलं वळण सावकाश केलं की हवा तळाला धरून राहते आणि व्हॉल्व्हच्या सगळ्या बाजूंनी उतरते. मग गाइडचा उंचवटा बारीक करायचा, दोन सिलिंडरांमधल्या नाकाडाला धार न आणता गोलाई द्यायची, आणि सीट तीन कोनांत कापायची: वरून 30 अंश, मध्ये 45, खाली 60. मधल्या 45 च्या पट्टीवर व्हॉल्व्ह टेकतो. एक्झॉस्टला ही पट्टी जरा रुंद ठेवायची, कारण व्हॉल्व्हमधली उष्णता जाते ती तिथूनच. इनलेटचा मोठा व्हॉल्व्ह, साधारण 1.63 इंचांचा, आम्ही घालतो. एक्झॉस्टचा मूळचाच. ज्वलनकक्षाचा बदामासारखा आकार हॅरी वेस्लेक यांचा, त्यातलं मध्ये आलेलं टोक आम्ही थोडं मागे सारतो, पूर्ण काढत नाही. ते टोक पेट्रोल आणि हवा नीट घुसळतं. दिसायला आड येणारी गोष्ट कामाची असू शकते, हे त्या टोकाने मला बऱ्याचदा दाखवलं आहे.

तिसऱ्या महिन्यात माझ्याकडून एक हेड गेलं. गाडीच्या जन्माबरोबरचं हेड, मालकीणबाईंच्या वडिलांनी घेतलेल्या गाडीचं. पोर्टच्या छताला मी कार्बाइडची कटर धरली होती आणि एका क्षणी आवाज बदलला. जाड लोखंडाचा दबका आवाज जाऊन पत्र्याचा आला. मी हात काढेपर्यंत तांदळाएवढं भोक पडलं होतं, पलीकडे वॉटर जॅकेट. ओतकामात कोअर जरा सरकला की एका बाजूची भिंत जाड येते आणि दुसऱ्या बाजूची पातळ. कोल्हापुरात फौंड्रीच्या सावलीत वाढलेल्या मुलीला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आप्पा कुठलंही हेड हातात घेतलं की आधी हातोडीच्या दांड्याने चौफेर ठोकून ऐकायचे. मी ऐकलं नव्हतं. मी साचा लावला होता आणि साच्यावर विसंबले होते.

बाईंना मीच फोन केला. मालक करतो म्हणाले होते, पण मी नको म्हटलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, की ते हेड मला परत मिळेल का, तसंच भोकासकट. दिलं. दुसऱ्या हेडाचे पैसे वर्कशॉपने भरले आणि मी त्यावर संध्याकाळचे तास घालवले. त्या दिवसापासून मी प्रत्येक हेड आधी ठोकते, मग अल्ट्रासॉनिक गेजने भिंतींची जाडी मोजते, आणि खडूने आकडे हेडावरच लिहिते.

गिऱ्हाईक येतं ते आकडा विचारत. किती घोडे वाढतील? कंपनीने एमजीबीला 95 अश्वशक्ती सांगितली होती ती इंजिनाच्या फ्लायव्हीलवर; रोलिंग रोडवर चाकांशी मोजली तर बरीच खाली येते. 1967 सालची एक गाडी आठवते. तिचा मालक टपाल वाटणारा माणूस, गाव डोंगराच्या कुशीत. त्याने आकडा विचारलाच नाही. म्हणाला, घरी जाताना चर्चच्या पुढे जो चढ लागतो, तिथे मला दुसरा गिअर टाकावा लागतो. तो तिसऱ्यात चढता आला तर बरं. यापेक्षा स्वच्छ मागणी मला आजवर कुणी केलेली नाही. आम्ही हेड केलं, मूळच्यापेक्षा किंचितच गरम कॅम घातला, दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या सुया बदलल्या, टायमिंग पुन्हा बसवलं. चाकांवर 68 होती ती 86 झाली. पण महत्त्वाचं ते अडीच हजार फेऱ्यांवर वाढलेलं टॉर्क. महिन्याभराने त्याचं कार्ड आलं, त्यावर फक्त 3 हा आकडा आणि खाली सही.

मोठ्या कारखान्यांनाही ताकद वाढवणं अवघड गेलेलं आहे. एमजीए ट्विन कॅम ही गाडी 1958 मध्ये आली, दोन कॅमचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड, 108 अश्वशक्ती, कागदावर सगळं उत्तम. पण पिस्टनांना भोकं पडायला लागली आणि 2,111 गाड्यांवर 1960 मध्ये ती थांबली. ज्यांनी पुढे या गाड्या जपल्या त्यांनीच माग काढला: एका ठरावीक वेगाला कार्बोरेटर इतके थरथरतात की मिश्रण कमजोर पडतं आणि पिस्टन जळतो. कार्बोरेटर लवचिक बसवले, टायमिंग जरा मागे घेतलं, आणि त्याच गाड्या आज लांबचे प्रवास करतात. हौशी माणसाकडे कारखान्यापेक्षा एक गोष्ट जास्त असते: त्याला पुढच्या वर्षीचं मॉडेल काढायचं नसतं.

जुनं हेड आम्ही फेकत नाही. गिऱ्हाइकाने दुसरं हेड घेतलं असेल तर मूळचं धुऊन, तेल लावून, मेणकागदात गुंडाळून त्याच्या हाती देतो आणि माळ्यावर ठेवा म्हणून सांगतो. कायदाही मूळ गाडीला मानतो: इथे मे 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ आहे, पण गाडीत मूलभूत बदल झालेला नसेल तरच. त्याच इंजिनाची क्षमता वाढवलेली चालते. सिलिंडरांची संख्या बदलली तर प्रश्न येतो. मला हा नियम शहाणा वाटतो. शिसंवालं पेट्रोल 1999 अखेर बंद झालं तेव्हा पुष्कळांना एक्झॉस्टच्या कडक सीटा बसवून घ्याव्या लागल्या, कारण शिशाची उशी गेल्यावर मऊ लोखंडाची सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतत जातो. तोही बदलच होता, पण गाडी चालती राहावी म्हणून केलेला.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आप्पांच्या बाकावर अँबॅसडरचं हेड होतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांची गाडी, त्यांनी ती विकली नाही. आप्पांचा हात आता थोडा थरथरतो, पण अंगठा तसाच फिरतो. मी म्हटलं, दोन दिवस द्या मला. जुन्या बाजारातून दोन मोटरी आणल्या, शेजारच्या सुताराकडून खोकं करून घेतलं, दवाखान्याला माल पुरवणाऱ्या दुकानातून काचेची नळी मिळाली. पाण्यात कुंकू कालवलं. आप्पा स्टुलावर बसून बघत होते, मध्येच चहावाल्याला हाक मारत होते.

आधी भंगारातलं एक कोरं हेड ठेवलं, कुणी कधी हात न लावलेलं. मोटर चालू केली, पाणी चढलं, थांबलं. मी तिथे खडूने रेघ मारली. मग माळ्यावरून आप्पांनीच कधीकाळी केलेलं एक हेड उतरवलं, धूळ पुसली आणि ठेवलं. आतलं वळण कानशीने गोल केलेलं, गाइडचा उंचवटा बारीक केलेला, दोन वाटांमधलं नाकाड गुळगुळीत. व्हॉल्व्ह आठ मिलिमीटर उघडला, मोटर चालू केली. कुंकवाचं पाणी खडूच्या रेघेशी आलं, ती ओलांडली आणि वर चार बोटं जाऊन थांबलं.

आप्पा उठून जवळ आले. नळीला हात न लावता, डोळे बारीक करून त्यांनी पाण्याची पातळी पाहिली. माझ्या हातातला खडू घेतला आणि तिथे दुसरी रेघ ओढली. मग वर माळ्याकडे बघत म्हणाले, "तिथं आणखी तीन हाईत. शिडी आण."